आइसलँडला जाऊन अख्खा गोल नाही मारला तर ट्रिप अर्धवट?

पत्र थोडक्यात : नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. नवरा-बायको दोघंही आयटीत, मुलगा सहा वर्षांचा. सासू-सासरे साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी येतायत आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून आइसलँडला जायचं ठरलंय, हातात सात दिवस. नवऱ्याने एक्सेल शीट तयार ठेवलीय : भाड्याची गाडी, अख्खा रिंग रोड (देशाला गोल फेरी मारणारा रस्ता), रोज नवीन हॉटेल, रोज सकाळी आठला निघायचं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय गाडीत मळमळतं. सासरे शाळेत भूगोल शिकवायचे, आता रिटायर्ड, त्यांना "ते आकाशातले हिरवे दिवे" (म्हणजे अरोरा, नॉर्दर्न लाइट्स) बघायचेत कारण व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आला होता. ताईंना वाटतं नुसता दक्षिण किनारा करावा, पण तसं म्हटलं की नवरा म्हणतो "एवढे पैसे घालून अर्धवट बघायचं? परत कोण जाणारे?" आणि सासूबाई म्हणतात "माझ्यामुळे काही रद्द करू नका, मी गाडीत बसून राहीन." ताई विचारतायत की कोणाचं ऐकू, की सरळ बस टूर घेऊ, आणि तिकडे ज्वालामुखी चालू आहेत म्हणतात तर लहान पोर आणि वयस्कर माणसं घेऊन जाणं बरोबर आहे का.

ताई, पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याला काय हवंय ते त्यात आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, सासऱ्यांचे हिरवे दिवे आहेत, पोराची काळजी आहे. तुम्हाला स्वतःला तिथं काय बघायचंय याबद्दल मात्र एक ओळ नाही. ते आधी ठरवा आणि घरात बोलूनही दाखवा, कारण तुम्ही प्रत्येक वेळी सासूबाईंच्या गुडघ्यांचं नाव पुढे करताय असं मला वाटतंय, आणि त्यामुळे त्या बिचाऱ्या "मी गाडीत बसेन" म्हणत मागे सरतायत. तुम्हालाच जर रोज बॅगा भरायचा कंटाळा असेल तर तसं सांगा की सरळ, त्यात काही चूक नाही.

आता "अर्धवट" या शब्दाकडे येते. रिंग रोड साधारण १,३२० किलोमीटरचा. सात दिवसांतला पहिला आणि शेवटचा दिवस विमान, गाडी ताब्यात घेणं, गाडी परत करणं यातच जातो, म्हणजे उरले पाच. रोजचे सरासरी २६० किलोमीटर झाले, ते पण कुठे आत वळलं नाही तर. तुमचे मिस्टर म्हणतील यात काय, पुणे-कोल्हापूर तर होतं. होतं ना, पण तिथं डांबरी रस्त्यावर स्पीड लिमिट ९० आहे, मधे मधे एकेरी पूल आहेत जिथं समोरची गाडी येऊन जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि दर वीस मिनिटांनी कोणीतरी "थांब थांब थांब" म्हणतं. शिवाय पूर्वेकडच्या फ्योर्डमधला रस्ता प्रत्येक खाडीत आत जातो आणि परत बाहेर येतो, तासन् तास वळणंच वळणं. ज्या बाईला मळमळतं तिला तिथून न्यायचं आणि वर म्हणायचं "बघ किती सुंदर आहे", हे काही बरं नाही. अख्खा गोल मारणाऱ्यांना उत्तर आणि पूर्व आइसलँड बहुतेक काचेतूनच दिसतं. मग अर्धवट कोणाचं झालं?

उलट दक्षिण किनाऱ्याचं असं आहे की रेकयाविकपासून योकुलसार्लोनच्या हिमसरोवरापर्यंत साधारण ३७५ किलोमीटरच्या पट्ट्यात ज्वालामुखी, हिमनद्या, धबधबे, काळी वाळू, समुद्र हे सगळं रस्त्याला लागून आहे, आणि याच रस्त्याने परत यायचं असल्यामुळे जाताना पावसात हुकलेलं येताना उन्हात मिळू शकतं. हा फायदा गोल मारणाऱ्याला नाही, त्याने एकदा पाठ फिरवली की संपलं.

पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती तुम्ही अशीच जाता जाता लिहून टाकलीय : सासरे भूगोलाचे मास्तर होते. अहो, मग त्यांना ती एक्सेल शीट दाखवली का कोणी? ज्या माणसाने आयुष्यभर फळ्यावर खडूने ज्वालामुखीचा उभा छेद काढला, हिमोढ, गाळाचं मैदान, लाव्हाचे थर शिकवले, आणि ज्याचं घरच दख्खनच्या पठारावर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर, अजिंक्यतारा ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो बेसॉल्टच, त्याला त्याच जातीचा पण अगदी ताजा, काही ठिकाणी जेमतेम अडीचशे वर्षांचा दगड बघायला मिळणारे. आणि आपण त्याचं मत काय धरून चाललोय तर "हिरवे दिवे". व्हिडिओ आला म्हणून ते दिव्यांबद्दल बोलले असतील. नकाशा समोर ठेवून एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा, मुलाला पण बसवा, आणि बघा ते कुठे बोट ठेवतात.

ते कुठे बोट ठेवतील याचा मी अंदाज करते. विक गावाच्या पुढे साधारण ७० किलोमीटरवर किर्क्युबायारक्लौस्टुर नावाचं गाव आहे (तिकडची माणसं पण नुसतं क्लौस्टुर म्हणतात, तेव्हा लाजू नका). त्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत गुबगुबीत शेवाळाने झाकलेले उंचवटे लागतात. हा १७८३ मध्ये लाकी या ज्वालामुखीच्या भेगेतून निघालेला लाव्हा. जूनमध्ये सुरू झालेला उद्रेक पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, आठ महिने चालला, विषारी वायूंनी गवत जळलं, बहुतेक गुरंढोरं मेली, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस गेला. क्लौस्टुरच्या पाद्र्याने जुलैच्या एका रविवारी, लाव्हा गावाच्या दिशेने येत असताना, लोकांना चर्चमध्ये जमवून प्रार्थना घेतली आणि लाव्हा पुढे आलाच नाही अशी कथा तिथं अजून सांगतात. बहुतेक गाड्या हा पट्टा नव्वदच्या स्पीडने पार करतात. तिथं गाडी थांबवायची सोय आहे तिथं थांबा, सासूबाईंना पण फार चालायचं काम नाही, पण शेवाळावर पाय ठेवू नका आणि मुलाला ठेवू देऊ नका. एकदा तुडवलं की भरून यायला दशकं लागतात.

त्याच्या पुढे, राष्ट्रीय उद्यानातल्या स्काफ्टाफेलच्या अलीकडे रस्ता एका प्रचंड सपाट काळ्या मैदानात शिरतो, स्केइदारारसांडुर. हिमनदीच्या पाण्याने आणून टाकलेली रेती आणि राख, दुसरं काही नाही. रिंग रोड पूर्ण झाला तो १९७४ मध्ये, याच मैदानातल्या नद्यांवर पूल झाले तेव्हा, तोपर्यंत या बाजूच्या लोकांना राजधानीला गाडीने जायचं तर उत्तरेकडून वळसा घालून जावं लागायचं. मग १९९६ च्या सप्टेंबरअखेरीस वात्नायोकुल या हिमनदीच्या पोटात उद्रेक झाला, वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखाली साठत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला फुटून बाहेर आलं, घराएवढे बर्फाचे तुकडे घेऊन. एक पूल साफ वाहून गेला, दुसरा अर्धामुर्धा तुटला. तुटलेल्या पुलाचे पिळवटलेले लोखंडी गर्डर रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवलेत. गाडीतून उतरून चार पावलांवर. मास्तरांना तिथं अर्धा तास द्या, जवळ जाऊन ते लोखंड कुठून कसं वळलंय ते बघू द्या, नातवाला समजावून सांगू द्या. तुमच्या मिस्टरांच्या शीटमध्ये ही जागा नसणार, पैज लावते.

आता सासूबाई. "मी गाडीत बसेन" हे वाक्य आपल्याकडच्या सगळ्या आयांचं आहे आणि ते कधीच ऐकायचं नसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या किनाऱ्यावर भरपूर काही करता येतं, फक्त प्रत्येक ठिकाणी नेमकं काय करायचं नाही हे आधी माहीत हवं. स्कोगाफॉसला धबधब्याच्या पायथ्यापर्यंत सपाट चालत जाता येतं, साठ मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार तोंडावर घ्यायचे आणि परत फिरायचं. बाजूला पाचशेच्या वर पायऱ्यांचा लोखंडी जिना आहे, तो मिस्टरांना चढू दे. सेल्यालांड्सफॉसला धबधब्याच्या मागून जायची वाट आहे, सगळे फोटो तिथलेच असतात, पण ती ओली, दगडांची, घसरडी आहे, सासूबाईंनी समोरूनच बघावा, समोरूनही तो तेवढाच उंच आहे. स्काफ्टाफेलला काळ्या खांबांचा स्वार्टिफॉस धबधबा चढावर आहे तो सोडा, त्याऐवजी व्हिजिटर सेंटरपासून हिमनदीच्या तोंडाकडे जाणारी वाट बरीचशी सपाट आहे, जमेल तेवढं जायचं. आणि योकुलसार्लोनला तर गाडी लावली की सरोवर समोरच, रस्ता ओलांडला की काळ्या वाळूवर बर्फाचे तुकडे. तिथं चाकं असलेली बोट मिळते, किनाऱ्यावर बसायचं, ती स्वतःच पाण्यात उतरते, हिमखंडांच्या मधून फिरवून आणते. वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना हीच बरी. रबरी झोडियाक बोटी जास्त जवळ जातात पण त्यात मुलांना वय-उंचीची अट असते आणि आदळआपट होते.

मास्तरांसाठी एक तळटीप : १९३० च्या आधी हे सरोवर नव्हतंच. तिथं हिमनदी होती, ती मागे सरली आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात पाणी भरलं. आता ते आइसलँडमधलं सगळ्यात खोल सरोवर आहे, २४० मीटरच्या वर. आणि अजून वाढतंय.

एका जागेबद्दल मात्र मी गोडगोड बोलणार नाही. विकजवळचा रेनिसफ्यारा, तो काळ्या खांबांचा बीच. पोराला घेऊन जाताय म्हणून नीट वाचा. आपण कोकणात वाढलेली माणसं, लाट येताना दिसते, पाय ओले होतात, हसत मागे येतो, ही सवय तिथं घात करते. समोर उघडा अटलांटिक, दक्षिणेला मधे जमीनच नाही, आणि किनाऱ्याजवळ तळ एकदम खोल होतो त्यामुळे लाटेचा जोर आधी मोडत नाही. पाच-सात लाटा साध्या येतात आणि मग एक अशी येते की ती थेट खांबांच्या गुहेपर्यंत पोचते, माणसाला पाडते आणि परत जाताना खडी-वाळूसकट ओढून नेते. पाणी बर्फासारखं गार, पोहता येणाऱ्याचं पण काही चालत नाही. पर्यटक बुडाल्याच्या घटना वारंवार झाल्यात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक लहान मुलगी गेली. वाटेवर लाटांच्या धोक्याचे दिवे लावलेत, लाल असेल तर खाली उतरायचंच नाही, दुसरे शंभर लोक उतरले असले तरी नाही. लाल नसला तरी मुलाचा हात सुटता कामा नये, पाण्याकडे पाठ करून फोटो नाही, गुहेत नाही. माझं तर मत असं की तुम्ही तो बीच वरून बघा, शेजारच्या डिर्होलाएच्या कड्यावरून, गाडी वरपर्यंत जाते, तिथून ती काळी रेघ, समुद्रातले सुळके, दगडी कमान आणि मागे मिरदाल्सयोकुलचा बर्फ सगळं एका नजरेत येतं, सासूबाईंना पण. (पफिन पक्षी मात्र तुम्हाला भेटणार नाहीत, ते ऑगस्टमध्येच समुद्रावर निघून जातात, मुलाला आधीच सांगून ठेवा नाहीतर रडारड.)

योकुलसार्लोनच्या समुद्रकिनाऱ्यावर पण हाच नियम. बर्फाच्या मोठ्या तुकड्यावर चढून फोटो काढणारे दिसतील. दिसू देत.

ज्वालामुखीचं म्हणाल तर दोन गोष्टी वेगळ्या करा. रेक्यानेस द्वीपकल्पावर, ग्रिंडाविक गावाजवळ २०२३ च्या डिसेंबरपासून वारंवार भेगा उघडून लाव्हा आलाय, बातम्यांमध्ये जे दिसतं ते तेच. विमानतळ त्याच द्वीपकल्पावर आहे पण तो सुरू राहिलाय, मधून मधून बंद पडतो तो ब्लू लगून (गरम पाण्याच्या तलावाचा स्पा). त्यामुळे ब्लू लगूनवर अख्खा दिवस बेतू नका. दुसरं म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरचे मोठे, बर्फाखालचे ज्वालामुखी. एयाफ्याट्लायोकुल, ज्याने २०१० च्या एप्रिलमध्ये युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली, आणि त्याच्या शेजारची कात्ला, जिचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ चा. कात्लावर सतत पहारा असतो. उद्रेक झाला तर पूर कुठून येईल, विकच्या लोकांनी टेकडीवरच्या चर्चकडे कसं जायचं, हे सगळं ठरलेलं आहे, मोबाइलवर मेसेज येतो. म्हणजे धोका शून्य असं नाही, पण तुमच्या आठवड्यात तुम्हाला त्रास देण्याची शक्यता कात्लापेक्षा वाऱ्याची कितीतरी जास्त आहे. आणि वाऱ्याचा विचार मात्र कोणीच करत नाही.

वारा तिथं मीटर प्रतिसेकंद मध्ये सांगतात. १५ आकडा बघून आपल्याला वाटतं काय नाही, पण त्याला ३.६ ने गुणा, ५४ किलोमीटर झाला, आणि कड्याच्या पायथ्याशी येणारे झोत याच्या कितीतरी वर. २० च्या पुढे असेल तर उंच गाडी घेऊन निघू नये. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करून लावायची, आणि दार उघडताना एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने दाराची कड धरायची, आधी दोन बोटं उघडायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं, मग उतरायचं. मुलाला स्वतः दार उघडू द्यायचंच नाही. हे मी उगाच बारीक सांगत नाहीये, वाऱ्याने उलटं फिरून बिजागरीतून वाकलेलं दार ही तिथली रोजची भानगड आहे आणि साध्या इन्शुरन्समध्ये ती बहुतेक वेळा बसत नाही. तसंच त्या काळ्या मैदानांमधे वाळूचं वादळ सुटलं तर गाडीचा रंग खरवडून निघतो, त्याचं वेगळं कव्हर असतं, दक्षिण किनारा करायचा असेल तर ते घ्या. रोज सकाळी चहा पिता पिता वेदुर डॉट आयएस वर हवा आणि उमफेर्दिन डॉट आयएस वर रस्ते बघायचे, रस्ता लाल दिसला की त्या दिवशी जायचं नाही, विषय संपला.

म्हणूनच रोज नवीन हॉटेल ही कल्पना मला आवडत नाही. हॉटेलं आधीच भरून ठेवलेली असली की माणूस नको त्या हवेत गाडी काढतो. तुम्ही दोनच तळ ठोका. पहिल्या रात्री विमानतळावरून थेट ह्वोल्सव्होलुर-स्कोगार पट्ट्यात जा, स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या, तिथं तीन रात्री. धबधबे, डिर्होलाए, विक सगळं तासाभराच्या आत. पाऊस झोडपत असेल तर ह्वोल्सव्होलुरला लाव्हा सेंटर आहे, ज्वालामुखी कसे चालतात त्याचं प्रदर्शन, नातू आणि आजोबा दोघं तिथून बाहेर निघणार नाहीत. स्कोगारला म्युझियम आहे, गवताच्या छपराची जुनी घरं आत जाऊन बघता येतात, सासूबाईंना ती चूल, ती भांडी, ते अंथरूण-पांघरूण बघायला धबधब्यापेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं. मग पुढे क्लौस्टुर ते हिमसरोवर या पट्ट्यात कुठेही दोन रात्री. आणि शेवटची रात्र परत पश्चिमेकडे, विमानतळाच्या दिशेने. यात एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. तो वाऱ्याचा दिवस. वारा नाही आला तर हॉफनपर्यंत जाऊन या, अजून ८० किलोमीटर, नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

बस टूर? रेकयाविकहून हिमसरोवरापर्यंत एका दिवसात नेऊन आणणाऱ्या बस आहेत, साधारण चौदा तासांच्या. तरण्याताठ्यांनी एकट्याने करावं. तुमच्या घरात निदान दोघांचा निकाल लागेल त्यात. दोन-तीन दिवसांच्या छोट्या गाड्यांच्या टूर असतात त्या बऱ्या, पण त्यात सासूबाईंना बाथरूमला थांबायचं असेल तर ते ड्रायव्हरच्या वेळेवर. स्वतःची गाडीच बरी. मिस्टरांना युरोपात उजवीकडून चालवायची सवय असेलच, फक्त एवढं सांगा की मुलाची कार सीट आधी बुक करायची, बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो आणि कार्डाला पिन लागतो, पार्किंगला कॅमेरे नंबर टिपतात त्यामुळे ऑनलाइन पैसे भरायचे राहिले की बिल पुढे गाडीवाल्याकडून दंडासकट येतं, आणि एफ ने सुरू होणाऱ्या कच्च्या डोंगरी रस्त्यांवर या ट्रिपला जायचंच नाही.

हिरव्या दिव्यांचं काय ते पण सांगते, कारण सासऱ्यांचा हिरमोड व्हायला नको. सप्टेंबरअखेर दिवस-रात्र साधारण सारखे, म्हणजे अंधार पुरेसा मिळतो, संध्याकाळी सातच्या सुमारास सूर्य मावळतो. पण अंधार, मोकळं आकाश आणि सूर्याकडून आलेला जोर, तिन्ही एकाच वेळी जमावं लागतं, आणि त्या किनाऱ्यावर मोकळं आकाश हीच महाग गोष्ट. वेदुरच्याच साइटवर रात्रीचे ढग आणि अरोराचा अंदाज असतो. गावाबाहेर कॉटेज घेतलंत तर दार उघडून बाहेर यायचं, बघायचं, थंडी वाजली की आत, त्यासाठी पैसे भरून रात्री बसमधून हिंडायची गरज नाही. आणि त्यांना हे आधीच सांगा की फोनच्या कॅमेऱ्यात जो भडक हिरवा येतो तो डोळ्याला बऱ्याचदा फिकट, करडा ढगासारखा दिसतो, जोर असला तरच रंग आणि हलणं दिसतं. हे माहीत असलेला माणूस तो करडा पट्टा बघून पण खूश होतो, माहीत नसलेला म्हणतो "एवढंच?"

मिस्टरांशी बोलताना मात्र "आईंमुळे जमणार नाही" ही गाडी परत काढू नका. त्यांना एक अख्खा अर्धा दिवस त्यांचा स्वतःचा द्या. सोल्हेमायोकुलवर गाइडबरोबर बुटांना काटे लावून हिमनदीवर चालायला नेतात, तुमचा मुलगा लहान आहे तिथं, पण त्यांना जाऊ दे एकट्याला, तुम्ही बाकीचे तेवढ्यात म्युझियम करा. मला वाटतं रिंग रोडच्या हट्टामागे त्यांची काहीतरी धाडसाचं करायची इच्छा आहे, ती १,३२० किलोमीटरशिवाय पण भागते. तुम्ही पण जाऊ शकता त्यांच्याबरोबर हो, नातू आजी-आजोबांकडे सोडून. तुम्हाला काय हवंय ते पत्रात लिहिलं नाही म्हणून आपलं सुचवलं. आणि बर्फाच्या निळ्या गुहा कोणी सप्टेंबरमध्ये विकायला लागलं तर नको म्हणा, त्या वात्नायोकुलच्या गुहा थंडीतल्या, साधारण नोव्हेंबर ते मार्च, बर्फ घट्ट असतो तेव्हाच्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथं बर्फ कोसळून एक पर्यटक गेला.

कागदपत्रांचं, कारण हा प्रश्न बाकीच्यांना पण पडतो : सासू-सासरे नेदरलँड्सच्या शेंगेन व्हिसावर येत असतील तर त्याच व्हिसावर आइसलँड चालतं, वेगळा काढावा लागत नाही, फक्त ट्रॅव्हल इन्शुरन्स सगळ्या शेंगेन देशांना आणि त्या तारखांना लागू आहे ना ते बघा. पण विमान थेट घ्या. स्वस्तात मिळतं म्हणून लंडन किंवा एडिंबरा मधे घातलंत तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात, तिकडे यूकेच्या व्हिसाचा प्रश्न आणि परत आत येताना एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो संपलेला. सासू-सासऱ्यांना केफ्लाविक विमानतळावर उभं करून हे शोधायला नको.

खाण्याचं सोपं आहे, हॉटेलात पाच जणांचं जेवण रोज केलं तर मिस्टर दुसऱ्या दिवशीच परतीचं तिकीट शोधतील, म्हणून कॉटेजमध्ये कुकर लावा. कच्चं मांस आणि कच्चं दूध नेता येत नाही, पण डाळ-तांदूळ, चटण्या, थालीपिठाची भाजणी न्या, दूध-भाज्या-ब्रेड बोनुस किंवा क्रोनन या सुपरमार्केटमध्ये मिळतात, विकच्या पुढे दुकानं विरळ आहेत त्यामुळे विकमध्येच भरून घ्यायचं. स्कीर म्हणजे आपला चक्काच, साखर-वेलची घातली की सासूबाईंचं काम झालं, पण त्या कडक शाकाहारी असतील तर डब्यावर रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) लिहिलंय का ते वाचून घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या, गरम पाण्याला गंधकाचा वास येतो त्याला घाबरू नका, फक्त चांदीचे पैंजण-जोडवी काढून ठेवायला सांगा, काळी पडतात.

बोटीचं बुकिंग करताना शेवटच्या क्षणी तारीख बदलता येईल असंच घ्या, आणि छत्र्या घरी ठेवा, त्या वाऱ्यात पहिल्या पाच मिनिटांत मोडतात. पाचही जणांना वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट घ्या, सासूबाई साडी नेसणार असतील तर पँट आतून, आणि बूट आत्तापासून घरात घालून रुळवायला लावा.